पीक हमीच्या मागे जाते

भिलाईच्या मरोद्यात पोलाद कारखान्याचा तलाव आहे. त्यातले पाणी पावसाच्या भरवशावर येत नाही. बालोदजवळच्या तांदुला धरणातून, गोंदलीतून आणि गरज पडली की थेट महानदीवरच्या गंगरेलमधून कालव्यांनी ते इथवर आणले जाते. तांदुला धरण विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी बांधले ते दुष्काळाने पोळलेल्या या मुलखातल्या शेतीसाठी. गोंदली 1957 मध्ये झाले ते मात्र कारखाना डोळ्यांपुढे ठेवून. फेब्रुवारी 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. भट्टी पेटण्याआधी तिच्या पाण्याची सोय झालेली होती. दल्ली राजहऱ्याच्या खाणीपासून मरोद्याच्या यार्डापर्यंत रूळ टाकलेले होते. कामगारांसाठी सेक्टर आखले गेले, शाळा आल्या, सेक्टर नऊचे रुग्णालय आले. माणसे कामाला लागली तशी त्यांच्या म्हातारपणाची भविष्यनिर्वाह निधीत नोंद सुरू झाली.

यात वावगे काही नाही. देशाला पोलाद हवे होते आणि पोलाद हमीशिवाय तयार होत नाही. पाणी, माल, गिऱ्हाईक, मजुराचे घर आणि निवृत्तीनंतरचे पैसे, या सगळ्याची तजवीज आधी आणि उत्पादन नंतर, हा कारखान्याचा क्रम आहे. आधुनिकता म्हणतात ती हीच. यंत्रे तिच्या पोटात येतात.

याच मरोद्याच्या वेशीबाहेर धानाच्या बांध्या सुरू होतात. शेती आधुनिक करायची असे दिल्लीपासून रायपूरपर्यंत सगळे सांगतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे ड्रोन असतो, मोबाइलमधले धानविक्रीचे टोकन असते, उपग्रहाने मोजलेले पीक असते. कारखान्याकडून शेतीने काय घ्यावे, असे विचारले की आपण यंत्राकडे बोट दाखवतो. हमीकडे कुणी दाखवत नाही.

छत्तीसगढने आपल्या शेतकऱ्याला एक हमी दिली आहे आणि ती लहान नाही. एकरी 21 क्विंटलपर्यंत धान, क्विंटलला 3,100 रुपये. केंद्राचा 2025-26 चा साध्या धानाचा आधारभाव 2,369 रुपये आहे, वरचे 731 राज्य आपल्या तिजोरीतून घालते. एका एकरातून 65,100 रुपये, तेही ठरल्या भावाने आणि बँकेच्या खात्यात. नोव्हेंबरच्या मध्यावर सोसायट्यांची खरेदी सुरू होते आणि दोन-अडीच महिने सबंध राज्य चाळीस किलोच्या कट्ट्यांवर बसून असते. हंगामाअखेर खरेदी दीड कोटी टनांच्या घरात जाते. शांताकुमार समितीने 2015 मध्ये सांगितले होते की देशातले जेमतेम सहा टक्के शेतकरी आधारभावाने माल विकू शकतात. त्या देशात दीड कोटी टनांचा हा आकडा अचंब्याचा आहे.

गोंदिया-भंडाऱ्याच्या धान उत्पादकाला विचारा. महाराष्ट्र अलीकडच्या हंगामांत हेक्टरी 20 हजार रुपये बोनस देतो, तोही दोन हेक्टरपर्यंतच. पलीकडच्या राजनांदगावात मिळणारा भाव ऐकून इकडचा माणूस उसासा टाकतो. म्हणून दर हिवाळ्यात छत्तीसगढला आपल्या सीमेवर चौक्या बसवाव्या लागतात. बाहेरचे धान रात्रीतून आत येऊन 'छत्तीसगढी' होऊ नये, यासाठी महसूल आणि पोलिसांची माणसे शेकोट्या पेटवून जागतात. ट्रक जाणतो ते धोरणकर्त्यानेही जाणावे: माल हमीकडे धावतो.

आणि पीकही. अडचण इथेच सुरू होते.

या मुलखातला शेतकरी पूर्वी मातीची जात बघून पीक ठरवी. भाठ्यावर कोदो-कुटकी, मटासीत लवकर येणारे धान, डोरसा-कन्हारमध्ये उशिराचे धान आणि त्याच्या पाठोपाठ हरभरा, गहू. उभ्या धानात शेवटच्या ओलीवर लाखोळी, जवस, मसूर फेकायची. याला इथे उतेरा म्हणतात. नांगरट नाही, वेगळे पाणी नाही, तरी घरात डाळ आणि तेल येई, जमिनीला नत्र मिळे. आज त्याच शेतात त्याच माणसाला विचारा की धानाशिवाय काय लावणार, तर तो उलट विचारतो, घेणार कोण? प्रश्न बिनतोड आहे. कोदोचा आधारभाव राज्याने ठरवला, वनोपज संघामार्फत खरेदीही सुरू केली. पण कोदोचा एकरी उतारा धानापेक्षा कितीतरी कमी, मग भाठा फोडून त्याच्याही बांध्या होतात. ज्याच्याकडे बोअर आहे तो उन्हाळ्यातही धान लावतो. एक किलो तांदळाला अडीच-तीन हजार लिटर पाणी लागते हे त्याला ठाऊक नाही असे नाही. त्याची बोअर दर वर्षी खोल जाते, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नाही. धमतरीत प्रशासन गावोगाव फिरून उन्हाळी धान सोडा, हरभरा घ्या म्हणून विनवते. विनवणी आणि हमी एकाच शेतात उभ्या राहिल्या तर पेरणी कशाची होणार, हे सांगायला कृषितज्ज्ञ नको.

धानातही सगळी धाने सारखी झाली. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी सत्तरच्या दशकात रायपूरच्या संशोधन संस्थेत मध्य प्रदेश-छत्तीसगढमधल्या शेतकऱ्यांच्या घरातून धानाचे 17 हजारांहून अधिक नमुने गोळा केले. हा ठेवा पुढे इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आला. 2002 मध्ये एका बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीशी विद्यापीठाच्या कराराची बोलणी उघड झाली तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि करार बारगळला. बियाणे कंपनीच्या हाती गेले नाही, हे चांगलेच झाले. पण ते शेतातूनही गेले. सोसायटीच्या काट्यावर धानाच्या जाती तीनच: मोटा, पतला आणि सरना. भावात फरक नावाला. मग घमघमता दुबराज लावून कमी उतारा कोण घेणार? नगरी दुबराजला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, प्रमाणपत्र भिंतीवर लागले, बांधीत मात्र स्वर्णा आणि 1010. आपल्याकडे नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुकड्यात एक वेगळी लोंब हेरून एचएमटी हे वाण दिले. ते चंद्रपूर-भंडाऱ्यापासून छत्तीसगढपर्यंत पसरले. दादाजी 2018 मध्ये गेले, त्यांच्याजवळ शेवटी मानसन्मानांचे कागद होते आणि जमीन जेमतेम होती. आपल्या खरेदी व्यवस्थेला क्विंटल मोजता येतो, पारख मोजता येत नाही.

ज्यांनी धान सोडून दुसरे धाडस केले त्यांचे काय झाले, ते दुर्ग जिल्ह्याला विचारावे. धमधा तालुका टोमॅटोचा. इथला टोमॅटो दूरदूरच्या बाजारांत जातो. हे पीक कुणी सरकारी पत्रक वाचून घेतले नव्हते. ठिबक, मल्चिंग, संकरित रोपे, सारी आधुनिकता इथल्या शेतकऱ्याने स्वतःच्या कर्जावर आणली. आणि नोटाबंदीनंतर बाजार बसला, तेव्हा जानेवारी 2017 मध्ये छत्तीसगढच्या भाजी उत्पादकांनी रायपुरात भाजीचे ढीग लावून फुकट वाटले. लोकांनी पिशव्या भरभरून नेल्या. विकले तर तोडणीचा खर्चही निघत नाही, म्हणून वाटून टाकले. इथे पौषी पौर्णिमेला छेरछेरा असतो. पोरे दारोदार जाऊन धान मागतात आणि दाता सुपाने घालतो. देणाऱ्याच्या घरी कोठी भरलेली असते, म्हणून तो सण. रायपुरातली ती भाजी म्हणजे कोठी रिकामी असताना केलेले दान होते. राज्यातला सर्वांत आधुनिक शेतकरी सर्वांत उघडा पडला, आणि हे पाहणाऱ्या शेजाऱ्याने पुढच्या खरिपात काय लावले असेल?

हमी एकाच पिकाला बांधली की तीही पुढे पेलवत नाही. केंद्रीय साठ्यात किती तांदूळ घ्यायचा याला मर्यादा आहे. राज्याच्या रेशनची गरज ठरलेली आहे. त्यापलीकडचे धान संग्रहण केंद्रांवर ताडपत्रीखाली पडून राहते आणि शेवटी पडेल भावाने लिलावात जाते. तोवर ते वाळते, वजन घटते. या घटीला इथे 'सूखत' म्हणतात, आणि ती कुणाच्या नावावर टाकायची यावर सोसायट्या आणि राज्याचा विपणन संघ मार्कफेड यांच्यात दर वर्षी वाद होतो. अवकाळी आला तर धान कुजते, उंदीर आपला वाटा घेतात. दल्ली राजहऱ्याचे लोहखनिज उघड्यावर पडले तर त्याचे काही बिघडत नाही, तरीही त्याच्या प्रत्येक वाघिणीचा हिशेब असतो. धान सडते आणि त्याच्यासाठी छप्पर नसते. दीड कोटी टन घ्यायची तयारी आहे आणि ठेवायची नाही, ही आधुनिकता कुठल्या शाळेतली?

राज्य सरकारला हे कळत नाही असे आम्ही म्हणणार नाही. 2025 च्या खरिपापासून कृषक उन्नती योजना धानाऐवजी डाळी, तेलबिया, मका, कोदो-कुटकी घेणाऱ्यांनाही लागू झाली आणि एकरी दहा-अकरा हजार रुपये ठरले. पाऊल बरोबर दिशेने पडले, फक्त ढांग लहान आहे. धानावर राज्य वरून जे 731 रुपये घालते, त्यांचेच 21 क्विंटलांवर एकरी 15,351 होतात. म्हणजे पीक बदलणाऱ्याला न बदलणाऱ्यापेक्षा कमी, आणि शिवाय गिऱ्हाईक बहुधा त्याचे त्यानेच शोधायचे. तूर लावा म्हणून पैसे मिळतील, तूर घेईल कोण, ती कुठे ठेवायची, भाव पडला तर काय, याला धानासारखे पक्के उत्तर नाही. धानाला अनुदान आहे आणि सोसायटीचा काटाही आहे. तुरीला मुख्यतः अनुदानच.

काटा कुठून आणायचा, हे मात्र छत्तीसगढला शिकवायला नको. केंद्राचा अन्नसुरक्षा कायदा 2013 चा, छत्तीसगढचा त्याच्या आदल्या वर्षीचा, 2012 चा. धानाची एवढी खरेदी होऊ शकली कारण रेशनला तांदूळ लागत होता. खाणारा आधी ठरला, मग पिकवणाऱ्याला हमी मिळाली. तोच न्याय डाळीला लावा. आदिवासी भागात रेशनवर स्वस्तात हरभरा देण्याची सोय या राज्याने केलेलीच आहे. शाळेतले दुपारचे जेवण, अंगणवाडीचा आहार, वसतिगृहे, रुग्णालये यांना लागणारी तूर-उडीद-हरभरा-कोदो आपल्याच जिल्ह्यातून आधारभावाने घ्यायचे ठरले, तर उतेऱ्याला पुन्हा कारण मिळेल. ज्याच्या ताटात नुसता भात आहे त्या मुलालाही त्यातून डाळ मिळेल. अन्नधोरण आणि शेतीधोरण ही दोन खाती नाहीत, एकाच ताटाच्या दोन कडा आहेत.

पाण्याची हमी हा याहून अवघड विषय. 1998 मध्ये, छत्तीसगढ वेगळे होण्याच्या दोन वर्षे आधी, दुर्गजवळच्या बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्यासाठी शिवनाथ नदीचा सुमारे 23 किलोमीटरचा पट्टा 22 वर्षांच्या कराराने रेडियस वॉटर या खासगी कंपनीच्या हवाली झाला. काठच्या शेतकऱ्यांना पंप लावायला, मच्छीमारांना जाळे टाकायला अटकाव होऊ लागला, तेव्हा नदीही भाड्याने देता येते हे देशाला कळले. पुढे विधानसभेच्या लोकलेखा समितीने करार रद्द करण्याची शिफारस केली. कारखान्याला पाण्याची हमी द्यायला सरकार नदीपर्यंत जाते. शेताला मात्र कालव्याचे एक पाणी सुटेल की नाही, ते दर वर्षी बैठकीत ठरते. तांदुल्याच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला खरिपाच्या आधी, लेखी, किती पाणी कधी मिळेल एवढे जरी कळले, तरी तो पीक बदलायचा विचार करील. ज्याला पाण्याचा भरवसा नाही तो बुडाले तरी तग धरणारे आणि विकले जाणारे पीकच लावणार, म्हणजे धान.

आणि या साऱ्यात माणूस कुठे आहे? डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने 2004 ते 2006 या काळात अहवाल दिले. त्यातले उत्पादन खर्चावर पन्नास टक्के, एवढे एकच सूत्र सगळ्यांच्या तोंडी राहिले. त्या अहवालांतून 2007 मध्ये निघालेल्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाचा खरा मुद्दा वेगळा होता. शेतीची प्रगती टनांत मोजणे सोडा आणि शेतकऱ्याच्या घरातल्या उत्पन्नात मोजा, असे ते सांगत होते. शेतकरी या शब्दात त्याने खंडाने करणारा, बटाईदार, मजूर आणि बाई या सगळ्यांना घेतले होते. त्या मापाने पाहिले तर 2018-19 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचे महिन्याचे सरासरी उत्पन्न 10,218 रुपये निघाले. त्यात पिकांतून आलेले 3,798 आणि मजुरीतून आलेले 4,063. ज्याला आपण शेतकरी म्हणतो तो शेतापेक्षा दुसऱ्याकडे मजुरी करून जास्त कमावतो.

छत्तीसगढात दुसऱ्याची जमीन 'रेगहा'ने किंवा 'अधिया'ने करणारे गावोगाव आहेत. 3,100 चा भाव जमिनीच्या कागदाच्या मागे जातो. रेगहा करणाऱ्याला त्यातले काय मिळायचे ते मालकाच्या मर्जीवर. उलट, भाव वाढला की रेगह्याचा दरही वाढतो. रोवणीला चिखलात वाकलेल्या बायांच्या नावावर बहुधा ना जमीन, ना टोकन. भूमिहीन शेतमजुराला राज्य वर्षाला दहा हजार देते, ते स्वागतार्हच. पण कारखान्यातला माणूस साठाव्या वर्षी घरी बसतो तेव्हा त्याचा फंड हातात येतो आणि त्याच वयाचा त्याचा गावाकडचा भाऊ पावसात उभ्या धानात बियासीचा नांगर धरतो, ही तफावत क्विंटलच्या भावाने मिटणारी नाही. शेतकऱ्याच्या क्षेमाला टनाचे माप चालत नाही.

मराठी वाचकाला हा धडा नवा नाही. 1972 मध्ये महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली तेव्हा विदर्भ-मराठवाड्याला असेच हायसे वाटले होते. एक पीक, एक खरेदीदार, ठरलेला भाव. ग्रेडिंगमधली लबाडी, रखडलेले चुकारे, बाहेर भाव चढला की सीमेपलीकडे जाणारा कापूस आणि वाढत गेलेला तोटा, यांत ती योजना दमली. 2002 नंतर खासगी खरेदीला वाट मोकळी झाली आणि एकाधिकार संपला. तोवर शेतकऱ्याची सगळी शेती कापसाशी बांधली गेली होती. हमी गेली, पीक राहिले, आणि त्यानंतरची विदर्भाची वर्षे कुणाला वेगळी सांगायला नकोत. दुसऱ्या टोकाला 2020 चे तीन कृषी कायदे: त्यांत बाजार मोकळा करण्याची घाई होती, हमीभावाचा शब्द नव्हता. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले आणि नोव्हेंबर 2021 मध्ये कायदे मागे गेले. एका पिकावर सगळी हमी, किंवा सगळी पिके हमीविना, या दोन टोकांच्या मध्ये आपण पन्नास वर्षे हेलपाटे घालतो आहोत.

छत्तीसगढने धान उत्पादकाला मिळणारे पैसे कमी करावेत, असे आम्ही सुचवत नाही. तो सल्ला देणारे बहुधा महिन्याच्या एक तारखेला पगार घेतात. जे आहे ते ठेवून बाकीच्या हमीचे रस्ते उघडावेत. धानावरचा वरचा पैसा क्विंटलवरून काढून एकरावर ठेवावा, पीक कोणते ते शेतकऱ्याने ठरवावे. डाळ-तेलबियांना सोसायटीचा काटा द्यावा. धमध्याच्या टोमॅटोला शीतगृह आणि प्रक्रिया मिळावी. पाण्याचा वाटा पेरणीआधी लेखी मिळावा. कसणाऱ्याचे नाव मालकाच्या संमतीवाचूनही नोंदले जावे. ड्रोन त्यानंतर खुशाल उडवा.

मरोद्याच्या जलाशयावर आता 15 मेगावॅटचा तरंगता सौर प्रकल्प योजला आहे. तलावाचे पाणी कारखान्याला आणि तलावाचा पृष्ठभाग विजेला, अशी त्याच्या प्रत्येक थेंबाची आखणी. आम्हाला त्याचा हेवा नाही. आठवण एवढीच करून द्यायची आहे की हे पाणी देताना कारखान्याला कुणी अशी अट घातली नव्हती की तू फक्त रूळच बनवायचेस. रूळ हवे तेव्हा रूळ, प्लेटा हव्या तेव्हा प्लेटा, तारा हव्या तेव्हा तारा, आणि पाणी तेवढेच. कालव्याच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला आपण हमी दिली खरी, पण साचा आपल्याकडे ठेवून.